देवराईची माती

“म्हणजे ह्याला प्रायश्चित्तच नाही, असं म्हणता?”

माई वाती वळत राहिली.

“काहीतरी असेलच ना, माई. उपास सांगा. अनवाणी चालायला सांगा. देवीपुढं नाक घासायला सांगा… मी घासतो.”

“देवी न्हाई, असं तूच म्हनाला व्हतास,” माई म्हणाली.

निरंजन ढमढेरेने मान खाली घातली. म्हणाला होता खरा. तेही एकट्यात नाही, अख्ख्या सहावीच्या वर्गासमोर, ह्याच पायरीवर उभं राहून म्हणाला होता.

पायरी जोगजाईच्या देवळाची. देऊळ म्हणजे तरी काय, दगडी भिंती आणि वर पत्रा. भोवती देवराई, आणि भिंतीला टेकून माईची खोपी. भगव्या लुगड्यातली ही म्हातारी कुठून आली, कुणाची शिष्या, हे ढेबेवाडीत कुणालाच ठाऊक नव्हतं. अडलंनडलं माणूस तिच्याजवळ येऊन बसायचं आणि दोन शब्द घेऊन जायचं. बहुतेकांना एकच मिळायचा.

निरंजन हा खालच्या शाळेतला विज्ञानाचा मास्तर. हुशार, मेहनती, पोरांवर जीव टाकणारा. खोट एकच. आपल्याला कळतं ते इतर कुणाला कळत नाही, अशी त्याची पक्की समजूत होती. अशा माणसाला शिक्षा करायला देव लागत नाही, तो स्वतःच पुरेसा असतो.

ह्या राईचा एक रिवाज आहे. राईतून काडी न्यायची नाही, पान न्यायचं नाही, आणि बाहेर पडताना वेशीच्या दगडावर तळपाय झाडायचे. पायाला चिकटलेली मातीसुद्धा बाहेर जाता कामा नये. निरंजनला ह्याचं भारी हसू यायचं. विज्ञानाला विटाळ नसतो, असं तो पोरांना सांगायचा.

गेल्या हिवाळ्यात जिल्ह्याचं विज्ञान प्रदर्शन होतं. बाकीच्या शाळा थर्माकोलची पृथ्वी करून पृथ्वी वाचवत होत्या. निरंजनने ठरवलं, आपण खरी माती दाखवायची. वरच्या कुजलेल्या पाल्यापासून खालच्या खडकापर्यंत सगळे थर, जसेच्या तसे, उभ्या काचेच्या पेटीत. आता डोंगरावर तर जिकडंतिकडं माती वाहून मुरूम उघडा पडलेला. पुस्तकात दाखवतात तसे थर उरले होते ते फक्त राईत, वाडीला पाणी पुरवणाऱ्या झऱ्याच्या वरच्या दरडीत.

तिथं त्याने पोरांकडून दरड सरळ उभी कापून घेतली, वडी पाडावी तशी. मुळं आड आली ती तोडली. पोरांनी घमेली भरून डोक्यावर घेतली आणि निघाली. वेशीच्या दगडाशी आल्यावर मात्र, डोक्यावर राईची माती घेतलेली ती पोरं सवयीने थांबली आणि एकेकाने तळपाय झाडले.

निरंजन तेव्हा पोट धरून हसला होता. आता ते आठवलं की त्याला घास उतरत नसे.

पहिला नंबर आला. ढोल वाजला, फोटो निघाले, पेटी शाळेच्या कचेरीत जाऊन बसली.

श्रावणात झड लागली. पाणी त्या कापात शिरलं, आणि एका सकाळी दरड, तिच्यावरचं बेहड्याचं जुनं झाड, सगळं मिळून खाली आलं. झरा गाडला गेला. पुराणातली वांगी पुराणात राहतात. पुस्तकातली माती पुस्तकात राहिली असती तर वाडीच्या तोंडचं पाणी पळालं नसतं. दिवाळी होऊन गेली, आणि बायका अजून डोंगर उतरून नदीवरून हंडे आणत होत्या.

वाडीने शिव्या घातल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. कुणी घातल्या नाहीत. मास्तर पोरांचं चांगलंच करायला गेला, एवढंच म्हणाले.

“मी पेटीतली माती परत आणून ओतली, माई.”

“बघितलं म्या.”

“पोत्यांनी माती वाहिली. दगडाचा बांध घातला.”

“बैल गेला न् झोपा केला.”

“परतीच्या पावसाने तीही नेली… आणि राहिली असती तरी काय? वरचं खाली गेलं, खालचं वर आलं. ते थर पुन्हा कोण लावणार?”

माईने पायरीवरची मुंगी बोटाने बाजूला केली.

निरंजनचा आवाज चढला. स्वतःवरचा राग माणूस फार वेळ स्वतःजवळ ठेवू शकत नाही.

“तुम्ही तर दरडीशीच होतात! समोर बसला होतात. आम्ही कापत होतो, तुम्ही बघत होतात. अडवलं का नाहीत?”

राईत कुठंतरी एक सुकी शेंग फुटल्याचा आवाज झाला.

“भ्याले,” माई म्हणाली.

“कुणाला?”

“तुला.”

“मला?”

“तू हसला असतास… पोरांच्या म्होरं. मला माझं हसं नगं वाटलं.”

निरंजन तिच्याकडं बघतच राहिला. देवीची इच्छा, प्रारब्ध, असलं काहीतरी माई म्हणेल आणि आपण तिच्याशी वाद घालू, असं त्याला वाटलं होतं. वाद घालायला तो तयारीने आला होता. ही तर त्याच्याच पंक्तीला येऊन बसली. आता वर बघावं असं कुणी उरलं नाही.

“मग तुम्ही काय प्रायश्चित्त घेतलंत?” त्याने हळूच विचारलं.

माई उठली. खोपीत गेली. तांब्या घेऊन आली आणि तो त्याच्यापुढं धरला.

पाणी लाल होतं. तळ दिसत नव्हता.

“झऱ्याचं?”

“झिरपतं तेवढं.”

“थोडं निवळू दे, मग घेतो.”

“रातभर निवळलंय.”

त्याने पुन्हा तांब्यात पाहिलं. माईने त्याची वाट पाहिली नाही. तांब्या तोंडाला लावून अर्धा प्यायली, पदराने ओठ पुसले आणि उरलेला पुढं केला.

निरंजन प्यायला. दातांखाली कचकच आली. गिळताना त्याला रडू फुटलं, आणि ते त्याने लपवलंही नाही. लपवण्यासारखं त्याच्याजवळ काही राहिलंच नव्हतं.

“मी प्रायश्चित्तासाठी आलोच नाही खरं तर,” तो डोळे पुसत म्हणाला.

“दिसतंय.”

“माझ्या वर्गात एक मुलगी आहे. मोनाली. बाबू ढेब्यांची.”

माईने मान हलवली. वाडीतलं पोर तिला ठाऊक नसायला काय झालं.

“सगळ्यांत सफाईने तिनंच कापली होती दरड. प्रदर्शनात परीक्षकांना थर तिनंच समजावून सांगितले. एकदासुद्धा अडली नाही… आता सातवीत आहे. गेल्या आठवड्यात वर्गात जमिनीच्या धुपेचा धडा काढला. टाळत होतो, पण परीक्षा तोंडावर आली. फळ्यावर लिहिलं, मातीचा बोटाच्या पेराएवढा थर तयार व्हायला शेकडो वर्षं लागतात. सगळ्यांनी वहीत उतरवून घेतलं. ही उभी राहिली.”

“हं.”

“म्हणाली, ‘सर, मग आपली राई पहिल्यासारखी कधी होईल?’ मी म्हटलं, वेळ लागेल. तर म्हणते, ‘साल सांगा, सर.’”

“मंग काय सांगितलंस?”

“घंटा झाली.”

माईने नुसतं पाहिलं.

“…नाही झाली. मी खडू ठेवला आणि वर्गाबाहेर गेलो. पोरं तशीच बसून राहिली. त्या दिवसापासून मोनाली शाळेत नाही. ताप आला असेल, म्हणतात पोरं. तिच्या घरी जायला पाय उचलत नाही माझा.”

माईने हनुवटीने खाली दाखवलं.

बेहडा होता तेव्हा पायरीवरून झरा दिसत नसे. आता मधे काहीच नव्हतं. खाली लाल ढिगाऱ्यात, गणवेश घातलेली एक पोरगी उकिडवी बसली होती. दप्तर बाजूच्या फांदीला अडकवलेलं. हातात जेवणाच्या डब्याचं झाकण. झाकणाने ती गाळ उपसत होती आणि बाजूला टाकत होती. टाकलेल्यातला निम्मा घसरून परत खाली येत होता.

निरंजन धडपडत उभा राहिला.

“ही… कधीपासून?”

“रोज येती. शाळा भरायच्या वक्ताला येती, सुटायच्या वक्ताला जाती. घरी वाटतं, शाळंत गेलीय.”

“तुम्ही काही बोलला नाहीत तिला? असा झरा मोकळा होणार नाही, हे सांगितलं नाहीत?”

“ती मला इचारत न्हाई.”

तो दोन पायऱ्या उतरला. थांबला. परत वळला.

“मी तिला सांगतो, तुझी काही चूक नाही बाळ. कापायला मी सांगितलं होतं. सगळं पाप माझं. पोरीच्या डोक्यावरचं ओझं तरी उतरेल.”

“खुरपं कुनाच्या हातात व्हतं?”

“तिच्या. पण माई, मी सांगितलं म्हणून—”

“बक्षीस तू घेतलंस,” माई म्हणाली. “आता तिची चूक बी तुलाच पायजे?”

आयुष्यात पहिल्यांदाच निरंजनला वाटलं की आपण सगळं अंगावर घ्यायला निघालो, त्यातसुद्धा पहिलाच नंबर काढायला निघालो.

“पोर आहे हो ती,” तो म्हणाला.

“पोर हाय. खुळी न्हाई.”

…

ऊन पायरीवरून सरकून भिंतीवर गेलं. खालून झाकणाचा आवाज येत होता. खर्र… खर्र… मधेच थांबायचा आणि पुन्हा सुरू व्हायचा.

“मी बदली मागितलीय,” निरंजन म्हणाला. “खालच्या तालुक्यात. इथं राहिलो तर रोज तिला माझं तोंड बघावं लागेल.”

“तिकडं माती न्हाई?”

तो पुन्हा पायरीवर बसला आणि दोन्ही हातांनी डोकं धरलं.

“काय सांगू मी तिला, माई? हिशेब मला येतो, तीच तर पंचाईत आहे. तिच्या जन्मात नाही. तिच्या पोराबाळांच्या जन्मात नाही. त्यांच्या नातवंडांनासुद्धा दिसायची नाही ती राई. उरलेला डोंगर ह्याच वेगाने वाहिला तर तोवर इथं माणसं असतील की नाही, तेही ठाऊक नाही. हे बारा वर्षांच्या पोरीला सांगायचं? त्यासाठी माणूस दगडाचा पाहिजे.”

“नगं सांगूस मंग.”

“म्हणजे खोटं सांगू? गप्प राहू?”

निरंजनने तिचे पाय धरले. ज्याने ह्याच पायरीवर उभं राहून जोगजाई नाही, राई पोसतात ते बुरशी आणि जीवाणू, असं म्हटलं होतं, त्याचं कपाळ त्या पायरीला टेकलं.

“तुम्ही सांगा तिला. माझ्यासाठी एवढं करा. तुमचं ऐकेल ती. देवीचं नाव घ्या आणि सांगा, होईल बाळ, देवी पुन्हा राई उभी करील. लवकर करील. तिला तेवढ्यावर झोप लागेल. माझ्या तोंडून ते खोटं वाटेल, माई… तुमच्या तोंडून नाही वाटायचं.”

माईने पाय मागं घेतले नाहीत. त्याच्या डोक्यावर हातही ठेवला नाही.

खाली मोनालीने झाकण गाळात रोवलं, मनगटाने कपाळ पुसलं. तिच्या मागचा ढिगारा भुसभुशीत होऊन पुन्हा थोडा घसरला आणि तिने उकरलेला खळगा भरून गेला. तिने तो पाहिला. रडली नाही, चिडली नाही. झाकण ओढून काढलं आणि पुन्हा पहिल्यापासून उपसायला लागली.

निरंजनला ते बघवेना. त्याने तोंड फिरवलं.

“दोन शब्द, माई… फक्त दोन शब्द सांगा तिला.”

“साल तिनं कुनाला इचारलं?”

“…मला.”

“मंग तू हितं काय करतोस?”