फळीवरची बाटली

उत्तर इटलीत, जिथून आल्प्सची हिमशिखरे क्षितिजावर दिसत राहतात, अशा टेकड्यांच्या मुलखात आन्सेल्मो नावाच्या एका वृद्धाचा द्राक्षमळा होता. त्या मळ्यात तांबडी वाइन तयार होत असे, आणि ती तयार झाली असे म्हणायची तिथे कुणालाही घाई नसे. द्राक्षांचा रस आंबला की तो ओकच्या मोठ्या लाकडी पिंपांत जाई, काही वर्षांनी बाटल्यांत उतरे आणि त्या बाटल्याही तळघराच्या थंड अंधारात आडव्या पडून राहत. कोवळेपणी ती वाइन इतकी तुरट लागे की जीभ आखडावी. पुढे तिचा हा स्वभाव निवळत जाई, आणि एके दिवशी बूच काढताच सुकलेल्या गुलाबपाकळ्यांसारखा मंद गंध दरवळे.

ही विद्या शिकण्यासाठी तुल्लिओ नावाचा तरुण आन्सेल्मोपाशी राहत होता. बुद्धीने तल्लख, नाकाने त्याहून तल्लख. गुरूवर त्याची निस्सीम श्रद्धा होती. म्हणूनच त्या वर्षी, द्राक्षतोडणी उरकून टेकड्यांवर धुके उतरू लागले असताना जे घडले, त्याने तो फार दुखावला.

एका सकाळी सिल्वानो नावाचा म्हातारा गवंडी पत्नीला, एर्सिलियाला, घेऊन मळ्यावर आला. मळ्याच्या उतारावर माती अडवून धरणाऱ्या दगडी ताली त्यानेच तरुणपणी रचल्या होत्या, आणि तेव्हापासून त्याची नि आन्सेल्मोची मैत्री होती. त्याच्या हातात लोकरी शालीत गुंडाळलेली एक बाटली होती. तान्ह्या मुलाला धरावे तशी त्याने ती दोन्ही हातांनी धरली होती.

"ही तुझ्याच मळ्यातली," तो म्हणाला. "लिव्हिओ जन्मला त्या सालची. त्याच्या लग्नात उघडायची म्हणून घेतली होती."

लिव्हिओ हा त्याचा एकुलता एक मुलगा. त्याला दगडांचे काम नको होते. बापाशी कडाक्याचे भांडण करून तो बोटीवर नोकरीला गेला, समुद्रापलीकडच्या देशात स्थायिक झाला, आणि लग्न झाल्यानंतर त्याने घरी कळवले. त्या दिवशी जेवणाच्या टेबलावर सिल्वानोने शपथ घेतली होती, की लिव्हिओ स्वतः येऊन 'चुकलं' म्हणेल तेव्हाच ही बाटली उघडेल. त्याला आता कैक वर्षे लोटली होती.

"येत्या रविवारी येतोय तो," सिल्वानो म्हणाला. "बायको, मुलगी, सगळे. मी बाटली टेबलावर मांडून बसणार. त्याला जे बोलायचंय ते तो बोलेल, मग मी ती उघडेन. फक्त आतली वाइन ठीक आहे ना, एवढं बघून दे. ऐनवेळी फजिती नको. बूच तू पुन्हा नवं बसवून देशील."

आन्सेल्मोने बाटली खिडकीच्या उजेडात धरून निरखली.

"ठेवली कुठे होतीस?"

"स्वयंपाकघरात. शपथ घेतली तेव्हापासून चुलीवरच्या फळीवर. येताजाता डोळ्यांसमोर राहावी म्हणून."

"उभी?"

"उभीच. आडवी ठेवली तर दिसणार कशी?"

एर्सिलिया जमिनीकडे पाहत होती.

आन्सेल्मोने बूच काढले, तर उभ्या बाटलीत वाइनचा ओलावा न लागल्याने ते कोरड्या भाकरीसारखे चुरले. वाइनचा रंग उकळून उरलेल्या चहासारखा झाला होता. व्हिनेगरचा वास तुल्लिओला दारापाशी उभ्याउभ्याच आला. तो गुरूला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "गुरुजी, याच सालच्या काही बाटल्या आपल्या तळघरात आहेत. त्यातली एक या बाटलीत ओतून आणतो. त्यांना कळणारसुद्धा नाही."

आन्सेल्मोने नकारार्थी मान हलवली. मग त्याने दोन पेले घेतले, ती बिघडलेली वाइन दोन्हींत ओतली, एक पेला मित्रापुढे ठेवला, आणि स्वतःचा पेला तोंड वाकडे न करता तळापर्यंत रिकामा केला. सिल्वानोने एक घोट घेतला आणि त्याचा हात तिथेच थांबला.

"गेली का रे?"

"गेली. आणि आता नाही गेली, सिल्वानो. फार आधीच गेली."

सिल्वानो पेला खाली ठेवून मागे रेलला. मग म्हणाला, "त्या सालची दुसरी असेलच तुझ्याकडे."

"आहे."

"मग ती दे."

"ती मी देणार नाही."

एवढे बोलून आन्सेल्मो बाहेर गेला, आणि यंदाच्या, अजून धड निवळलेल्याही नसलेल्या वाइनने एक साधी बाटली भरून घेऊन आला. "ही यंदाची. जीभ आखडेल, पण चांगल्या द्राक्षांची आहे. रविवारी हीच प्या. उरली तर सोमवारी प्या. ठेवू मात्र नका."

सिल्वानोचा चेहरा लाल झाला. "तुझ्या मळ्याच्या ताली मी रचल्या, आणि मला तू तोडणीच्या मजुरांची दारू देतोस." तो उठला आणि कुणाकडे न पाहता चालू लागला. एर्सिलियाने ती नवी बाटली शालीत गुंडाळली. उंबऱ्यापाशी थांबून ती म्हणाली, "भावजी, मी कितीदा म्हटलं यांना, उघडा म्हणून." आणि ती नवऱ्यामागोमाग धुक्यात गेली.

दुपारी पिंपे पुसता पुसता तुल्लिओला राहवले नाही. "गुरुजी, एका बाटलीने त्या माणसाचा रविवार साजरा झाला असता. तुम्ही खरं बोललात, पण निष्ठुरपणे."

आन्सेल्मो एका रिकाम्या पिंपाला टेकून बसला. "त्याला उत्तम बाटली दिली असती, तर रविवारी ती टेबलावर मांडून तो न्यायाधीशासारखा बसला असता. त्याला वाटलं असतं, मी इतकी वर्षं राग धरला तो बरोबरच होता. बघा, वाइनसारखा कसा मुरला. आणि लिव्हिओ बायको-मुलीदेखत आरोपी होऊन उभा राहिला असता. तो बापासारखाच मानी आहे. आल्या पावली परत गेला असता, आणि पुन्हा आला नसता.

"लोकांना वाटतं, काळ वाइनला पिकवतो. अरे, आपण इथे काय करतो? पिंपातली वाइन लाकडातून थोडी थोडी उडून जाते, ती भरत राहतो. उबेपासून, हवेपासून तिला जपतो. अधूनमधून चव घेऊन, कशी आहेस, म्हणून विचारतो. याला राखणं म्हणतात. सिल्वानोने राखली नाही, नुसती ठेवली. तीही चुलीवर. वाइनचं जे केलं तेच मुलाचं केलं. मी हे तोंडाने सांगितलं असतं तर त्याने ऐकलं नसतं. त्या घोटाने सांगितलं."

"आणि तुम्ही तुमचा पेला का संपवलात?"

"ती त्याला एकट्याला प्यावी लागावी, असं मला वाटेना."

"सिल्वानो पुन्हा आलेच नाहीत तर?"

"नाही येणार कदाचित," वृद्ध म्हणाला, आणि उठून कामाला लागला. पण पुढचे काही दिवस त्याचे जेवणावर लक्ष नसल्याचे तुल्लिओला दिसत होते.

रविवार गेला. सोमवारी कुणी आले नाही, मंगळवारीही नाही. त्या आठवड्याच्या शेवटी सिल्वानो टेकडी चढून एकटाच आला, आणि न विचारता बाकावर बसला.

"रविवारी मला घरात बसवेना," तो म्हणाला. "टेबलावर मांडायला काही नव्हतं. नुसता बसून काय करू? म्हणून स्टेशनवर गेलो. तो गाडीतून उतरला. आन्सेल्मो, त्याचे केस पिकायला लागलेत रे. तो काय बोलतो ते ऐकायचं, असं ठरवून गेलो होतो. पण माझ्याच तोंडून निघालं. म्हटलं, बाटली माझ्या हातून खराब झाली."

"मग?"

"तो म्हणाला, बाबा, कसली बाटली?" सिल्वानो थांबला. "त्याला ठाऊकच नव्हतं. मी कशाची वाट पाहत होतो, ते त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. त्याच्या आईने नाही, आणि मीही नाही. तो समजत होता, बापाने आपल्याला टाकलं."

आन्सेल्मोने मित्राच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तसाच राहू दिला.

"तुझी ती यंदाची प्यायलो," सिल्वानो सावकाश म्हणाला. "सगळ्यांच्याच जिभा आखडल्या. नातीने बोट बुडवून चाखली आणि असं तोंड केलं, की लिव्हिओ हसत सुटला. लहानपणी हसायचा तसा."

तुल्लिओला आता राहवले नाही. त्याने अदबीने विचारले, "मग शेवटी लिव्हिओ म्हणाले का, चुकलं म्हणून?"

सिल्वानोने त्याच्याकडे पाहिले. तो खरोखरच आठवू लागला.

"ते विचारायचं राहूनच गेलं," तो म्हणाला.