धनेशाचा दुखरा पंख

घाटातल्या एका दाट जंगलात धनेश पक्ष्याचं जोडपं राहत असे. धनेशांची एक रीत तुम्हाला आधी सांगायला हवी, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. अंडी घालायची वेळ झाली की मादी ढोलीत शिरते आणि ढोलीचं तोंड लिंपून घेते. चोच बाहेर निघेल एवढीच फट ठेवते. आत तिची पिसंही गळतात. मग पिल्लं मोठी होईपर्यंत सगळ्यांचं पोट एकट्या नरावर. आणि यंदा नेमकी त्याच्याच पंखावर वाळकी फांदी कोसळली.

चार दिवस त्याने शेजारच्या उंबराची फळं फांद्यांवरून उड्या मारत आणली. पाचव्या दिवशी उंबर संपला. आता फळं होती ती खोल दरीपलीकडच्या वडावर. ढोलीतून पिल्लांचा आवाज येईना, नुसती मादीची चोच फटीवर टकटक करत होती. शेजारच्या झाडावरच्या कावळ्याने मोठ्या जाणकाराचा आव आणून धनेशाला पंख पसरायला लावले, एका फांदीवरून दुसरीवर उडवलं आणि तो ठणठणीत असल्याचं जाहीर करून टाकलं. धनेशाला हेच ऐकायचं होतं. तो लगेच निघालाही.

"थांब," एक म्हातारं शेकरू वरून म्हणालं. "तुझं काम एकदा उडायचं नाही, दिवसभर ओझं वाहायचं आहे." धनेश फळं गळ्यात साठवून आणतो, म्हणून त्याने धनेशाला गळ्यात वाळके बेहडे भरायला लावले आणि खाली मऊ पाचोळा होता तिथे, या झाडावरून त्या झाडावर, दहा फेऱ्या मारायला सांगितल्या. कावळा वैतागला. पिल्लं उपाशी मरतील आणि याची परीक्षा चालूच राहील, असं तो बडबडत राहिला. पाच फेऱ्या नीट झाल्या. सहाव्या फेरीला पंख खाली झुकू लागला. शेकरूने दुखतंय का म्हणून विचारलं, तर धनेश चक्क नाही म्हणाला. सातव्या फेरीला तो धपकन पाचोळ्यात पडला.

"मला फसवशील रे," शेकरू म्हणालं, "पण दरीला कसं फसवशील? तू तिच्यात पडलास तर ढोलीतली सगळी आतल्या आत मरतील."

धनेशाला रडू कोसळलं. "मी नाही तर कोण? ती माझ्याच चोचीतून खाते."

ते खरंच होतं. कावळ्याने सकाळी फटीशी किडा धरला, तर मादीने चोच आत ओढून घेतली होती. शेकरूने क्षणभर विचार केला. भरवायचं काम धनेशाचंच, पण दरी ओलांडायचं त्याचं नाही, असं त्याने ठरवलं आणि कावळ्याकडे रोखून पाहिलं. ज्याने इतक्या घाईने 'ठणठणीत' म्हटलं, त्याच्याच माथी वडाच्या फेऱ्या आल्या. वाटेत त्याने दोन-चार फळं गिळली असतील म्हणा, पण संध्याकाळच्या आत ढोलीतून पिल्लांची चिवचिव ऐकू आली.

शेकरू रोज परीक्षा घेई. विसाव्या दिवशी दहाही फेऱ्या झाल्या. शेकरूने पंखाबद्दल विचारलं.

"आठवीनंतर थोडा ठणकतो," धनेश खाली मान घालून म्हणाला.

"मग आठ फेऱ्या करून विसावा घे," शेकरू म्हणालं. "आता जा."

धनेश दरीवर झेपावला. सगळे श्वास रोखून बघत राहिले, कावळासुद्धा. बऱ्याच वेळाने तो फळांनी भरल्या गळ्याने परत आला आणि फटीतून बाहेर आलेल्या चोचीत त्याने पहिलं फळ ठेवलं.

तात्पर्य : दुखण्यातून उठलेल्याची परीक्षा त्याच्या खऱ्या कामाएवढी खरी घ्यावी, आणि जे त्याला अजून पेलत नाही तेवढंच दुसऱ्याने उचलावं.