राजेसाहेबांचं लॉगिन

धामणगडच्या राजवाड्यात इंटरनेटसाठी टेलिफोनची आयएसडीएन लाइन आली, नवाकोरा राऊटर आला, पण त्या इवल्याशा डब्यात महाराजांचं नाव काही मावेना! राजकन्या सासरी, सातासमुद्रापार. तिच्या बाळाचं बारसं संध्याकाळी पडद्यावर पाहायचं होतं. राऊटर मात्र लॉगिनसाठी आठ अक्षरांच्या वर घेत नव्हता, आणि 'श्रीमंत सप्तगडाधीश अखंडप्रतापी चंडप्रतापराजे' यातला एक कानाही सोडायला महाराज तयार नव्हते. त्यात खालच्या रकान्यात राऊटरने विचारलं, सेवेचं नाव काय? झालं, महाराज भडकले.

"सेवा? आम्ही? सेवा आमची होते!"

वायरमनने परोपरीने समजावलं, की टेलिफोन कचेरीला नुसती ओळख पटायला हवी, कुठलेही दोन शब्द चालतील, तेच तिकडे कळवले की काम झालं. महाराजांनी त्यालाच कोठडीत टाकलं आणि हुकूम सोडला. नाव आठ अक्षरांत बसवा, पण आमचा मान तसूभरही कमी होता कामा नये. आणि सेवा लिहायची ती आमच्या तोंडून भर दरबारात निघेल तीच! नाही जमलं, तर सूर्यास्ताला वायरमनची गाढवावरून धिंड.

वायरमनची बायको सकवार राणीसाहेबांची दासी होती. हुकूम तिच्या कानावर आला. त्या भल्या माणसाचं चुकलं तरी काय होतं? पण रडत बसायला वेळ कुणाला होता! तिने राणीसाहेबांच्या कानात काहीतरी सांगितलं, पदर खोचला आणि थेट दरबारात राऊटरपुढे येऊन बसली.

महाराज तेव्हा प्रधानजींची खरडपट्टी काढत होते. तेवढ्यात आतून राणीसाहेबांची हाक आली.

"अहो!"

"आलो, आलो!" म्हणत महाराज सिंहासनावरून उठले आणि एकाच पायात मोजडी घालून आत पळाले.

सकवारने दोन शब्द टाइप केले आणि फोन करून तेच टेलिफोन कचेरीत कळवले. राऊटरचा दिवा हिरवा झाला. महाराज परत येतात तो पडद्यावर पाळणा! नातवाला डोळे भरून पाहिल्यावर त्यांना आठवण झाली.

"काय लिहिलंस ग तू?"

"लॉगिन 'अहो', महाराज. याहून मानाचं नाव आम्हां बायकांकडे नाही. आणि सेवा 'आलो'. ती आपल्याच तोंडची, सगळ्या दरबाराने ऐकलीय."

प्रधानजींनी डोळे मिटून घेतले. महाराजांच्या मिशा थरथरल्या, आणि मग ते असे काही हसले की मुकुट तिरपा झाला. सकवारच्या हातात त्यांनी सोन्याच्या पाटल्या घातल्या आणि तिला घेऊन स्वतः कोठडीपाशी आले. आत कैद्यांची ही गर्दी.

"यातला तुझा नवरा कोणता? नाव घे, आत्ता सोडतो."

सकवार लाजून चूर झाली. नवऱ्याचं नाव घ्यायचं, तेही महाराजांसमोर? तिने गजांशी तोंड नेलं आणि हाक मारली, "अहो!"

"आलो!" म्हणत कोठडीतले सगळेच उठले. बाहेर डुलक्या घेणारा पहारेकरीसुद्धा.

महाराजांनी हसून हसून पोट धरलं.

"सोडा रे सगळ्यांना," ते म्हणाले, "हे तर आमच्याच सेवेतले निघाले!"