चोपदार जावयाचा गळ

एका राज्यात एक राजा होता, राजाचा दरबार होता, दरबाराला सर्जेराव नावाचा चोपदार होता, आणि त्या चोपदाराला धर्मू भोई नावाचा सासरा होता. राजाचं आपल्याला काही नाही, तो सुखात होता. गोष्ट आहे ती सासऱ्याची.

धर्मू नीलडोहावर मासे धरी. त्याची लेक शेवंता ते बाजारात विकी, आणि तिचा आवाज असा खणखणीत की दोन गल्ल्या पलीकडचं गिऱ्हाईक वळून येई. लग्न झालं तरी तिने टोपली सोडली नाही. एके दिवशी एक मांत्रिक आला, टोपलीतली सगळ्यात मोठी मरळ उचलून चालू लागला. शेवंता म्हणाली, "बाबाजी, मंत्रांनी पोट भरत नसेल तर कामधंदा बघा. मासळी ठेवा खाली." सारा बाजार हसला. मांत्रिकाने चुटकी वाजवली, तिच्या ओठांवरून वाचा उचलली आणि डोहात भिरकावली. तिथल्या एका मरळीने ती गिळली. शेवंता मुकी झाली.

ती माहेरी येऊन बसली. सहा दिवस घरात भांड्यांखेरीज आवाज नव्हता. जिच्या बडबडीला धर्मू आयुष्यभर वैतागला, ती नुसती टकमक बघायची आणि तो भरलं ताट तसंच सरकवून उठायचा. सातव्या दिवशी उजाडताच डोहावरच्या खंड्या पक्ष्याने त्याला हाक मारली.

"धर्मू, आज सूर्य बुडाला की पोरीची वाचा पाण्यात विरघळेल."

"उपाय सांगा, पक्षीराज."

"तीन मासे. पहिला पाण्याला परत, दुसरा मला, तिसऱ्याच्या पोटात वाचा. पण गळ नवऱ्याच्याच हातात हवा. तू काठीला बोट लावलंस की संपलं."

"जावयाने जन्मात गळ धरलेला नाही."

"मग शिकव," असं म्हणून खंड्या पंख साफ करू लागला.

शिकव म्हणे! भाऊ असता, पुतण्या असता, तर धर्मूने कान पिळून शिकवलं असतं. पण जावई! त्या राज्यात जावयाला अरेतुरे करणारा सासरा अजून जन्माला आला नव्हता. जावयाने पाय पसरले तर उशी द्यावी, जावई चुकला तर वाहवा म्हणावं, अशी तिथली रीत.

सासऱ्याचा निरोप मिळताच सर्जेराव आले ते जरीचा फेटा, पायघोळ झगा आणि हातात चांदीची काठी घेऊन. राजाने त्यांना एक दिवसाची रजा दिली होती.

"मामा, आज्ञा."

"या बापू. आधी एवढं गांडूळ गळाला लावा."

सर्जेरावांनी गांडूळ तळहातावर घेतलं, त्याला वाकून मुजरा केला आणि म्हणाले, "क्षमा असावी." गांडूळ म्हणालं, "असो," आणि तळहातावरून उतरून मातीत निघून गेलं. दुसऱ्याचं तेच. पाचवं गांडूळ बहिरं निघालं म्हणून गळाला लागलं. तोवर ऊन चांगलंच चढलं होतं.

गळ पाण्यात पडला. त्याच्या दोरीला बांधलेला मोरपिसाचा देठ पाण्यावर तरंगत होता. तो थरथरला, एकदा बुडाला. धर्मू हळूच पुटपुटला, "बापू, आता..."

सर्जेराव ताडकन उठले, चांदीची काठी दगडावर आपटली आणि डोह दुमदुमवून ओरडले, "होशियार! जलाशयाचे मानकरी, खवलेबहाद्दर, श्रीमंत मत्स्यराज पधारत आहेत हो!"

मत्स्यराज कुठले पधारतात! या काठापासून त्या काठापर्यंत एक शेपूट दिसेना. झाडावर खंड्याने डोळे मिटून घेतले. धर्मूने कपाळाला हात लावला, मग जावई बघतोय म्हणून तोच हात फिरवून घाम पुसल्यासारखं केलं.

"वाहवा, बापू. आवाज छान आहे. पण मासा येताना वर्दी द्यायची नसते."

"मामा, वर्दीशिवाय कुणाला आत घेणं हा पाहुण्याचा अपमान."

"खरं आहे. पण हा पाहुणा बुजरा आहे."

बुजरा आहे, बुजरा आहे, असं धर्मूने चार वेळा सांगितलं आणि चार वेळा वर्दी गेली. पिढीजात सवय ती, श्वासाबरोबर बाहेर पडायची. शेवटी धर्मूने हात जोडून आपला शेला पुढे केला. सर्जेरावांनी तो निमूटपणे तोंडावर बांधून घेतला. मग कुठे बोटभर चिंगळी मासोळी वर आली. ती पाण्याला परत दिली. एक झाला.

दुपारी शेवंता भाकरी घेऊन आली आणि काठावरच बसली. बायको बघतेय म्हटल्यावर सर्जेरावांना जोर चढला. त्यांनी गळ फिरवून फेकला तो आधी स्वतःच्या फेट्यात, मग उंबराच्या फांदीत, मग धर्मूच्या धोतरात.

"लागलं का, मामा?" शेल्याआडून आवाज आला.

"छे छे. जुनंच आहे धोतर." धर्मू दात खाऊन हसला. आतल्या आत त्याने जावयाच्या सात पिढ्या उद्धरल्या होत्या. ज्याने हे स्थळ आणलं त्यालाही त्याने सोडलं नाही.

ऊन कलताना एक वाम गळाला लागली. खंड्याने ती सबंध गिळली, "काटे फार," एवढंच म्हणाला. दोन झाले.

सूर्य डोंगराला टेकला. देठ बुडाला तो वर येईना. काठी कमानीसारखी वाकली, सर्जेराव गुडघाभर पाण्यात ओढले गेले, आणि मरळीने डोकं वर काढलं. हाताएवढी मरळ, आणि बोलली ती शेवंताच्या आवाजात.

"अहो, सोडा ना. लागतंय मला."

सहा दिवसांनी लेकीचा आवाज कानावर पडला आणि धर्मू भान विसरून पाण्यात उतरला. सर्जेरावांनी तोंडावरचा शेला खाली ओढला. "सोडतो हो, सोडतो! रडू नका!" त्यांची पकड सैल झाली. काठी हातातून निसटू लागली. मागे काठावर खरी शेवंता दोन्ही हात हलवून नको नको सांगत होती, पण तिच्याकडे बघतंय कोण? डोंगरामागे सूर्याची नुसती कोर उरली होती.

"सोडा ना हो, तुमच्या पाया पडते," मरळ म्हणाली.

पाया पडते? धर्मू भानावर आला. त्याची लेक जन्मात कुणाच्या पाया पडली नव्हती, देवाशीसुद्धा भांडायची! काठी हातभरावर होती आणि बोट लावायची सोय नव्हती. मग मात्र दिवसभर दाबून ठेवलेलं सगळं एकदम बाहेर आलं.

"अरे गाढवा! बैला! ती तुझी बायको आहे का मासा आहे? चार महिने संसार केलास, बायको कशी बोलते ते कळत नाही? ओढ! ओढ मेल्या, नाहीतर काठीसकट बुडवतो तुला डोहात!"

सर्जेरावांना उभ्या आयुष्यात असं कुणी बोललं नव्हतं. पण दरबारातला माणूस, हुकूम कानावर पडला की पाळायचा. त्यांनी डोळे मिटले आणि असा हिसका दिला की मरळ त्यांच्या डोक्यावरून काठावर आपटली. तिच्या तोंडातून वाचा बाहेर पडली, चिखलावरून चालत शेवंताकडे गेली आणि तिच्या ओठांत शिरली. त्याच क्षणी सूर्य बुडाला. बाजारात मांत्रिक मंत्र म्हणायला गेला, तर त्याला नुसती ढेकर आली, आणि ती जन्मभर येत राहिली.

शेवंता उठली. तिने खाकरून गळा साफ केला.

"बाबा! जावयाला गाढव म्हणता? बैल म्हणता? तोंडाला काही आवर? चार लोकांत मी काय तोंड दाखवू? आणि तुम्ही हो! मी इथे हात हलवून मेले, आणि तुम्ही मला सोडायला निघालात?"

सर्जेराव मान खाली घालून उभे राहिले. धर्मू मटकन दगडावर बसला. ती बोलत होती, थांबायचं नाव नव्हतं, आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"बोल बाई," तो म्हणाला. "अजून बोल."