चिडाच्या रानात चुकलेली सुईण

फार जुनी गोष्ट आहे, डोंगरांना कुणी नावंही दिली नव्हती तेव्हाची. चिडाच्या झाडांनी भरलेल्या एका खडकाळ डोंगराच्या पायथ्याशी एक सुईण राहत होती. एका सकाळी पलीकडच्या गावातून माणूस आला. तिथे एक बाई अडली होती. निरोप सांगून तो तसाच पुढे वैद्याकडे धावला आणि सुईण एकटीच डोंगर चढू लागली.

अर्ध्या चढावर धुकं उतरलं. चिडाची सगळी झाडं सारखी दिसू लागली, सरळ आणि उंच. खाली वाळक्या, सुईसारख्या पानांचा जाड थर होता, त्यावर पाऊलही उमटत नव्हतं. पायवाट कधी सुटली ते तिला कळलंच नाही.

एका खडकावर रानबकरा उभा होता. तिने त्याला विचारलं, "बाबा, चांगली वाट कुठली?"

त्याने वरचा कडा दाखवला. हाता-पायांनी धरत, खरचटत ती वर गेली, तर पुढे नुसती दरी.

खाली उतरताना अस्वल भेटलं. त्यालाही तिने तेच विचारलं. त्याने पंजाने ओढ्याकडे दाखवलं. ओढ्याकाठी काटेरी जाळी होती आणि वर मधाचं पोळं. तिथून पुढे जायला जागाच नव्हती. मग एका खारीने सांगितलं, की चांगली वाट फांद्यांवरूनच जाते.

सुईण पार गोंधळली. तिघांनी तीन वाटा सांगितल्या होत्या, आणि कुणी खोटं बोलतंय असंही वाटत नव्हतं. आपल्याला डाव्या हाताला वळायचं होतं की उजव्या, हेही तिला आठवेना. ती चालत राहिली आणि फिरून त्याच खडकापाशी आली. रानबकरा अजून तिथेच होता. तिला रडू कोसळलं. मला का फसवलंस, असं तिने त्याला विचारलं.

"मी फसवलं नाही," रानबकरा म्हणाला. "बिबट्या मागे लागला की मला कडाच वाचवतो. माझी चांगली वाट तीच. तुला जायचंय कुठे, ते तू सांगितलंच नाहीस."

सुईणीने डोळे पुसले. मग म्हणाली, "पलीकडच्या गावात. एक बाई अडली आहे."

"मग चल," असं म्हणून तो पुढे झाला. चुलींच्या धुराचा वास येईपर्यंत तो तिच्यासोबत चालला आणि तिथून माघारी वळला.

ती पोचली तेव्हा दुपार कलली होती, वैद्यही अजून आला नव्हता. बाळ जन्मलं होतं, पण निळं पडलं होतं आणि रडत नव्हतं. बायकांनी आशा सोडून त्याला कापडात गुंडाळून बाजूला ठेवलं होतं. सुईणीने त्याचं तोंड साफ केलं, त्याला उपडं धरून पाठ चोळली. बऱ्याच वेळाने बाळ रडलं.

पण आई फार खचली होती. तिला महिनाभर उठता आलं नाही. उशीर का झाला, असं सुईणीला कुणी विचारलं नाही. तरी ती महिनाभर तिथेच राहिली आणि त्या आईला रोज आपल्या हाताने भरवत राहिली.

वाट विचारायची असेल, तर आधी आपल्याला कुठे जायचं आहे ते सांगावं.