झिपरीचा बिछाना

गावोगाव हातमाग चालत होते, त्या काळी एका विणकराच्या परसातल्या चिंचेवर झिपरी नावाची खार राहायची. एकदा ती मुंगसाच्या तावडीतून सुटली, पण तिचं शेपूट अर्धं तुटलं. तोल जाऊ लागला, लांब उड्या संपल्या. ती ढोलीतच पडून राहू लागली. दाणाही गोड लागेना.

एके दिवशी खाली उतरल्यावर तिला विणकराने टाकलेल्या रंगीत धाग्यांचा गुंता दिसला. तो ढोलीत नेऊन ती सोडवत बसली. दुपार कधी सरली ते तिला कळलंच नाही. मग ती रोज धागे आणू लागली. नारळाच्या काथ्यात ते गुंफून तिने बिछाना विणायला घेतला. हळूहळू तिला भूक लागू लागली, झोप येऊ लागली.

"माणसांचा केर घरात भरतेस?" शेजारची साळुंकी म्हणाली. "मी तुला सावरीचा नवा कापूस आणून देते. दया येते गं तुझी."

"दया नको, साळुंकीताई. आत येऊन बघा."

साळुंकी डोकावली. बिछान्याला लुगड्यासारखे लाल काठ होते आणि मधोमध पिवळं फूल होतं. तिने चोचीने ते फूल हळूच चाचपून पाहिलं.

"कुणी शिकवलं?"

"कुणी नाही. उड्या मारत होते तेव्हा इतकं बसणं कुठे जमत होतं?"

साळुंकी उडून गेली आणि चोचीत निळा धागा घेऊन परतली. "माझ्या पिलांसाठी असा एक विणून देशील?"

"देईन की," झिपरी म्हणाली. "पण मधलं फूल कसं असावं, ते मी ठरवणार."