बिनकापडाची छत्री

एकदा एका वृद्ध बाहुलीकाराच्या घरी रावण काही केल्या जन्माला येईना.

जत्रांमध्ये कळसूत्री बाहुल्यांचा खेळ करणारे हे घर. आबाजी बाहुल्या कोरत, रंगवत आणि पडद्यामागून त्यांना नाचवतही. पुढे दृष्टी अधू झाली, हाताला कंप सुटला, तेव्हा कोरण्याचे काम त्यांनी मुकुंद नावाच्या शिष्यावर सोपवले. मुकुंदाच्या हातात कला होती, यात शंका नाही. पांगाऱ्याच्या साध्या लाकडातून तो असे बोट कोरी, की त्यात काटा रुतला तर रक्त येईल असे वाटावे. पण कला म्हणजे एकांतातली तपश्चर्या, हे त्याच्या डोक्यात पक्के बसले होते. घराबाहेर पडणे म्हणजे साधनेत विघ्न! तो खोलीत आरशासमोर बसे आणि हवा तो भाव स्वतःच्या तोंडावर आणून पाही. राक्षसासाठी डोळे वटारी, सीतेसाठी मान वेळावी. शेजारच्या काकूंनी एकदा खिडकीतून हा प्रकार पाहिला आणि त्याच संध्याकाळी येऊन त्याची दृष्ट काढली.

परिणाम व्हायचा तोच झाला. राम, रावण, सीता, अगदी जटायूसुद्धा, सगळ्यांची नाके मुकुंदाची. गेल्या जत्रेत रावणाने सीतेला उचलले, तेव्हा लोकांनी हळहळायचे, ते खो खो हसू लागले. पुढे बसलेली एक आजी तर मोठ्याने म्हणाली, "अगं बाई, भाऊ बहिणीला माहेरी न्यायला आला वाटतं!"

खेळ आटोपल्यावर आबाजींनी शिष्याला जवळ बसवले.

"मुकुंदा, रामाला हसले असते तर मी सोसलं असतं. पण ज्या खेळात रावणाची भीती वाटत नाही, त्यात रामाला काम काय उरलं? पुढच्या जत्रेतही लोक हसले, तर तू आपल्या घरी परत जा. वडिलांचं गुळाचं दुकान आहे, तिथं बस."

त्या दुकानात ढेपांवरच्या गांधीलमाश्या हाकलण्यात त्याचे अर्धे बालपण गेले होते. उरलेले आयुष्यही त्यातच घालवायचे, या विचाराने त्याला रडू फुटले. तो जिद्दीने कामाला लागला, म्हणजे आणखी मोठा आरसा घेऊन आला. त्याने रावणाला आकडेबाज मिशा दिल्या, सुळे दिले, एकाला तर तिरळेही करून पाहिले. आबाजी प्रत्येक मुंडके हातात घेत, बोटांनी चाचपत आणि मुकाट्याने चुलीजवळच्या जळणात ठेवून देत. त्या दिवसांत त्या घरातला चहा रावणांवरच उकळत होता.

जत्रा तोंडावर आली. एका बाजाराच्या दिवशी आबाजींनी माळ्यावरून एक छत्री काढली. छत्री म्हणजे नुसता दांडा आणि काड्या. कापडाचा पत्ता नव्हता.

"ही बाजारात विकून ये," आबाजी म्हणाले.

"आबाजी, हिला कापड नाही."

"मला दिसत नाही, पण इतकं कळतं रे. विकून ये. आणि कुणाला फुकट देऊ नकोस."

म्हाताऱ्याला वय झाल्याने चळ लागला, असे मुकुंदाला वाटले. पण गुरूची आज्ञा! तो भर बाजारात छत्री उघडून उभा राहिला. कडक ऊन होते आणि त्या छत्रीखाली ते सगळेच्या सगळे त्याच्या डोक्यावर पडत होते. मिरच्या विकणारी बाई पोट धरून हसली. एका सज्जनाने त्याच्या हातावर हळूच केळे ठेवले आणि "होईल सगळं ठीक" म्हणून तो पुढे गेला. मुकुंदाला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरे, असे झाले.

एवढ्यात भांड्यांच्या दुकानातून एका जाडजूड व्यापाऱ्याने त्याला बोलावले. त्याने छत्री घेतली, मिटली, उघडली, काड्यांवर नख वाजवून पाहिले. काड्या अस्सल पोलादाच्या होत्या. व्यापाऱ्याचे डोळे क्षणभर इकडेतिकडे फिरले आणि मग तो म्हणाला, "ही तर माझीच छत्री!"

"तुमची?" मुकुंद चाट पडला. "शेठ, ही माझ्या गुरुजींच्या माळ्यावर होती."

"म्हणजे चोरी तुझ्या गुरुजींनी केली. तरी म्हटलं, गेली कुठं!"

माणसे जमली. एकाने विचारले, "शेठ, खूण काय तुमच्या छत्रीची?"

"खूण? माझ्याही छत्रीला कापड नव्हतं!"

लोक हसले, पण व्यापारी हसला नाही. तो बोलतच राहिला. ही छत्री वडिलांची होती. वडील हिच्याखाली पावसात उभे राहत. बोलता बोलता त्याचा गळा दाटून आला. छत्री उराशी धरून त्याने मुकुंदाकडे पाहिले आणि जड आवाजात म्हणाला, "जा बाळ. मी तुला क्षमा केली."

मुकुंद हात हलवीत घरी आला, तो संतापाने थरथरतच.

"आबाजी, त्यानं छत्री लाटली! आणि वर मलाच क्षमा केली! पहिल्यांदा खोटं बोलत होता, हे मी डोळ्यांनी पाहिलं. पण बोलता बोलता त्याला स्वतःलाच ते पटलं हो! शेवटी तो माझ्याकडे असा बघत होता, की क्षणभर मलाच वाटलं, आपण चोर आहोत."

"असा म्हणजे कसा?"

"भुवया अशा वर, जरा कळवळल्यासारख्या. डोळे शांत. खालचा ओठ किंचित पुढं. राग म्हणून नाहीच! जगातली प्रत्येक चांगली वस्तू मुळात त्याचीच आहे, आणि लोकांनी ती चुकून आपल्या घरी ठेवलीय, असं तोंड!"

आबाजींनी पांगाऱ्याचा कोरा ठोकळा त्याच्या मांडीवर ठेवला. मुकुंद बोलता बोलता थांबला. त्याने ठोकळ्याकडे पाहिले, मग गुरूंकडे.

"तुम्हाला ठाऊक होतं, तो मला भेटेल म्हणून?"

"छे रे! मला काय ठाऊक, कोण भेटणार," आबाजी हसले. "तुला नुसतं 'माणसं बघून ये' म्हटलं असतं, तर तू कोपऱ्यात उभा राहून टक लावून बघत बसला असतास. आणि आपल्याकडे कुणी बघतंय म्हटलं, की माणूस तोंड नीट करून बसतो. पण त्याच्याशी व्यवहार करायला गेलास, की त्याला तोंड सांभाळायचं भान राहत नाही. म्हणून तुला काम देऊन धाडलं. आरसा वाईट नाही मुकुंदा, पण तुझ्या मनात जे नाही, ते तो बिचारा कुठून दाखवणार? रावण तुझ्यात फार थोडा आहे. तो बाहेरूनच आणायला हवा होता."

मुकुंदाने पटाशी उचलली. या रावणाला सुळे नव्हते, वटारलेले डोळे नव्हते. आबाजींनी त्याच्या चेहऱ्यावरून बोटे फिरवली आणि भुवयांपाशी ती थबकली. "अरे बापरे," एवढेच ते म्हणाले, आणि ते मुंडके त्यांनी जळणात ठेवले नाही.

जत्रेत त्या रावणाने सीतेपुढे हात पसरला, तेव्हा कुणी हसले नाही. तो इतक्या आपुलकीने तिला न्यायला आला होता, की बायकांनी पोरे जवळ ओढून घेतली. पडद्यामागे मुकुंदाचे डोळे भरून आले. आपण आता इथेच राहणार, हे त्याला त्या शांततेतच कळले.

खेळ संपल्यावर पहिला पडद्यामागे आला तो भांड्यांचा व्यापारी. मुकुंद दोन पावले मागे सरकला. व्यापाऱ्याने रावण हातात घेतला, न्याहाळला आणि मांडीवर थाप मारली.

"काय चेहरा कोरलाय! अगदी हुबेहूब आमचा साडू!"

दुसऱ्या दिवशी सकाळी मुकुंद आबाजींसमोर येऊन उभा राहिला. मंथरेचे तोंड कोरायचे राहिले होते.

"आबाजी, घरात हळद आहे का?"

"डबाभर आहे."

"तरी शेजारच्या काकूंकडून थोडी उसनी घेऊन येतो," मुकुंद म्हणाला आणि त्याने पायात वहाणा सरकवल्या.